शेरा : मूल हसते आहे

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "ताई, तुमच्या कामातले हसवणारे किस्से लिहा. सणासुदीला लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर माझं डोकं सणकलं. हसवणारे म्हणे! अहो, अठ्ठावीस वर्षं मी पनवेलमध्ये लोकांच्या डोक्याला वायरी चिकटवल्या. त्या खोलीत माणूस हसायला येत नाही. एकच आली होती हसत. तिचंच सांगते, मग छापायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझं काम ईईजी काढायचं. हृदयाचा कार्डिओग्राम सगळ्यांना माहीत असतो, हा तसाच, फक्त मेंदूचा. लाइन आळीजवळ मेंदूच्या डॉक्टरांचं एक छोटं क्लिनिक होतं, तिथल्या मागच्या खोलीत मी, माझं मशीन आणि एक खाट. लोक मला 'वायरवाल्या बाई' म्हणायचे. दर दोन पेशंटमागे एक जण विचारायचाच, "बाई, करंट किती सोडता?" अहो, आम्ही काही सोडत नाही. मेंदूत आपली आपण बारीक वीज चालू असते, ती आम्ही टिपून घेतो. फिट येणाऱ्याच्या मेंदूत ती वीज मधेच उसळते. ती उसळी कागदावर सापडली, तर फिट कुठून येते त्याचा माग लागतो.

टेपने डोकं मोजायचं, रंगीत पेन्सिलीने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवर चिकट पेस्ट लावून वायर बसवायची. डोकं आदल्या दिवशी धुऊन या, तेल लावू नका, असं चिठ्ठीवर ठळक लिहिलेलं असायचं. तरी निम्मी पोरं तेलात बुचकळून आणल्यासारखी यायची. का, तर डॉक्टरकडे जायचं, पोर नीटनेटकं दिसायला हवं! मग मी आधी डोकी पुसत बसायची आणि आयांना बोलायची. बोलण्यात मी कुणाला ऐकलेलं नाही. अख्ख्या पनवेलला ठाऊक आहे.

पहिली बरीच वर्षं मशीन कागदाचं होतं. लांबलचक घडीचा कागद सरकत राहायचा आणि त्यावर सोळा पेना एकदम खरडत असायच्या. आता नीट ऐका, कारण पुढे लागणार आहे. पोर रडलं, खोकलं, हसलं, की चेहऱ्याचे स्नायू हलतात आणि पेना वेड्यासारख्या उड्या मारतात. तो मेंदूचा झटका नव्हे, नुसता गोंधळ. म्हणून चालत्या कागदावर तिथल्या तिथे आम्ही पेनाने लिहायचं : रडते आहे, खोकला, हात हलवला. डॉक्टर ते वाचतात आणि तेवढा तुकडा सोडून पुढे जातात. ह्याला शेरा म्हणतात. माझे शेरे नेमके असायचे, अक्षर सुबक. डॉक्टर म्हणायचे, "ताईंचा शेरा म्हणजे छापील." मला त्याचा गर्व होता. होता म्हणजे काय, चांगला नाकापर्यंत होता.

आणि माणसं किती तऱ्हेची यायची! एक गृहस्थ बायकोला फिट आली की चप्पल हुंगवायचे. खिशात कांदाही ठेवायचे, चप्पल लागू पडली नाही तर असावा म्हणून. त्यांना मी म्हटलं, "उद्या तुम्हाला ताप आला तर बायकोने तुम्हाला झाडू हुंगवायचा का?" ते रागावून दोन महिने आले नाहीत. मग आले, गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या. कांदा मात्र खिशात होताच.

दुसरे एक बडे प्रस्थ. जमिनी विकून दारात दोन गाड्या आलेल्या. मुलीला घेऊन आले आणि दार लावून मला म्हणाले, "कागदावर नाव दुसरं लिवा. पोरीचं लगीन ठरतंय." मुलगी खाली मान घालून बसलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "नाव बदलेल, डोकं बदलेल का? सासरी गॅसच्या शेगडीपुढे फिट आली तर कोणाच्या नावाने येईल?" ते निघून गेले. पोरीने जाताना मागे वळून बघितलं. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. अशा किती पोरी उठून गेल्या त्या खोलीतून.

तर आता सानिका.

ती आली तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटरचं मशीन आलं होतं, आणि जुन्या डॉक्टरांच्या जागी मुंबईहून आठवड्यातून दोनदा एक तरुण डॉक्टरीण यायच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण डोळा घारीचा. सानिका आठ वर्षांची, उरणच्या मोऱ्याची, कोळ्यांची पोर. बरोबर तिची आई चंद्रकला, बाप हरेश आणि आजी. पोरगी बाकावर बसल्या बसल्या हसायला लागली. मोठ्याने, खिदळल्यासारखी. बापाने तिच्या दंडाला धरून हिसडा दिला. "गप! दवाखान्यात पन?"

मॅडम तेवढ्यात दारात आल्या होत्या. त्यांनी हात वर केला. "थांबा. हात सोडा तिचा. मला बघू दे."

मग मीही बघितलं. ओठ हसत होते, गाल हसत होते आणि डोळे मात्र घाबरलेले होते. पोर स्वतःच्या हसण्याकडे बघून भेदरली होती. पंधरा-वीस सेकंदांत ते थांबलं, जसं कोणी बटण बंद करावं. तिने बापाकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"दिवसातून किती वेळा?" मॅडमनी विचारलं.

"मोजलं नाय," चंद्रकला म्हणाली. "धा-पंधरा वेला तरी. लहानपनापासून हाय. आता दोन वर्सं झाली, फिट येऊन खाली परते पन. चार परकारच्या गोल्या चालू हायेत, फरक नाय."

हरेशने खिशातून मोबाइल काढला. त्यात दोन-तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ होता. मोऱ्याचा धक्का, होडी सुटायच्या तयारीत, नाखवा आणि खलाशी उभे, आणि पुढे ही चिमुरडी. सगळे वाट बघताहेत. पोर एकदम हसते. माणसं टाळ्या पिटतात, "हसली, हसली! चला!" आणि होडी पाण्यात जाते.

आजीने मला सांगितलं, "देवीचा हात व्हता तिच्यावर. पोर हसल्याबिगर आमच्या घरची होडी सुटायची नाय. ही हसली का जालं भरून यायचं. लोकं मुद्दाम यायची हिला बघाया." म्हणताना म्हातारीचा चेहरा फुलला होता. मग तोच चेहरा पडला. "पन आजोबा गेला तिचा. मढं दारात, बायका रडतायत, आनि ही हसली. सगल्यांच्या म्होरं. एकदा नाय, दोनदा."

तेव्हापासून देवीचा हात गेला आणि 'बाहेरचं' आलं. भगत आणला. त्याने पोरीला कोंडून मिरच्यांची धुरी दिली. शाळेत प्रार्थनेला हसते म्हणून बाई तिला वर्गाबाहेर उभी करायच्या, आणि पट्टीने मारल्याचे वळ मी स्वतः तिच्या हातावर बघितले. होडीवर तर तिला कोणी फिरकू देत नव्हतं. ज्या हसण्यावर टाळ्या वाजल्या, त्याच हसण्यावर मार.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मॅडम आत गेल्या होत्या, त्यामुळे मला अडवायला कोणी नव्हतं. "लाज नाही वाटत?" मी हरेशला म्हटलं. "जाळं भरत होतं तोवर देवी, आणि मढ्यासमोर हसली की भूत? आठ वर्षांच्या पोरीला मिरच्यांची धुरी! तुमच्या नाकात कोंबू का मिरच्या, मग कळेल. आणि ती शाळेतली बाई, तिला इथे आणा, तिच्या डोक्याला वायरी लावून बघते आत काही आहे का! इतकी वर्षं पोर सांगतेय की मला काहीतरी होतंय, आणि एकाही माणसाला तिच्या डोळ्यांकडे बघावंसं वाटलं नाही?"

हरेश मान खाली घालून ऐकत होता. चंद्रकला माझ्याकडे बघत होती. एकटक. तेव्हा मला वाटलं, बिचारीला बरं वाटतंय, कोणीतरी तिची बाजू घेतली. किती सोयीचं वाटत असतं आपल्याला!

ईईजीत फारसं काही सापडलं नाही. मॅडम म्हणाल्या, "सापडणार नाहीच कदाचित. एमआरआय काढू या. आणि फिल्म बघणाऱ्या डॉक्टरला मी चिठ्ठी देते, नेमकं कुठे बघायचं ते."

आठ दिवसांनी फिल्म आली. मेंदूच्या तळाशी, अगदी खोल, वाटाण्याएवढी गाठ. कॅन्सरची नव्हे. जन्मापासूनची, वाढणारी नाही, पसरणारी नाही, नुसती बसलेली. पण तीच हे हसू सोडत होती. मॅडमनी घरच्यांना समजावलं, "हे हसणं नाही. ही फिट आहे. आनंद झाला म्हणून ती हसत नाही. जशी कोणाची मान वाकडी होते, कोणाचा हात झटके देतो, तसं हिचं तोंड हसतं. गोळ्यांनी ही फिट बहुतेक थांबत नाही. राहू दिली तर पोर मागे पडत जाते, चिडकी होते, दुसऱ्या फिट जोडीला येतात. तसंच झालंय."

"मंग डोकं फोडनार?" आजीने विचारलं.

मॅडमनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे चित्र काढलं. पूर्वी इतक्या खोल जायचं म्हणजे कवटी उघडायची, मेंदू बाजूला सारायचा, आणि त्या वाटेत डोळ्यांच्या नसा, आठवणीची जागा, सगळं नाजूक. आता कपाळाच्या वर एक बारीक भोक पाडतात. डोक्याला चौकट बसवून, नकाशा आखून, त्या भोकातून सुई नेमकी गाठीपर्यंत नेतात आणि तिचं टोक तापवून गाठ जाळतात. "अमेरिकेत ह्याच वाटेने लेसरची तार घालायला लागलेत. एमआरआयच्या मशीनमध्येच बघत बघत जाळतात, किती जळलं ते तिथल्या तिथे दिसतं. आपल्याकडे ते अजून यायचंय. इथे सुईने करतात. मुंबईत होतं. मी पाठवते."

यायचंय! पनवेलला मॉल आले, विचुंब्याला माझ्या घरासमोर भातखाचरात सात मजली टॉवर आले, पोहण्याचे तलाव असलेल्या सोसायट्यांच्या पाट्या हायवेभर लागल्या. लहान पोराच्या डोक्यातला वाटाणा जाळायची तार तेवढी यायची राहिली. ह्या देशात काय आधी पोचतं आणि काय मागून, ह्यावर मला कोणी बोलायला लावू नये.

मॅडमनी धोकेही सांगितले, लपवलं काही नाही. बरं होईलच असं नाही, एकदा करून भागलं नाही तर पुन्हा करावं लागेल. आणि आजी एकदम उठून उभी राहिली. "म्हंजे पोरीचं हसू जालनार तुमी? मंग ती हसनार कशी? बिनहसायची पोर घेऊन मी काय करू?"

मला आता वाटतं, म्हातारीचा प्रश्न काही वेडा नव्हता. जन्मल्यापासून त्या घराने पोरीचं दुसरं हसू बघितलंच नव्हतं. पण तेव्हा मी पुन्हा भडकले. "आजी, ते तिचं हसू नाहीच! तिचं हसू तुम्ही अजून बघितलेलंच नाही. उद्या समुद्रावर फिट येऊन पाण्यात पडली म्हणजे मग हसत बसा सगळे!" तोंड सुटलं की माझं असं होतं. म्हातारी खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

चंद्रकलाच बोलली मग. सासूला नव्हे, नवऱ्याला. "करायचं," एवढंच. हरेशने मान हलवली.

मुंबईला फाइल पाठवायची होती. मॅडम मला म्हणाल्या, "ताई, त्यांचे जुने कागद तारखेप्रमाणे लावून द्या." चंद्रकलाने मासळीबाजारातली जाड प्लॅस्टिकची पिशवी माझ्याकडे दिली आणि सगळे चहाला खाली गेले. पिशवीत काय नव्हतं! उरणच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या, चार ठिकाणच्या गोळ्यांचे कागद, भगताने दिलेला एक दोरासुद्धा. आणि सगळ्यात खाली एक घडीचा गठ्ठा. पिवळा पडलेला. सोळा पेनांचा कागद.

तो आमच्याच मशीनचा होता. वर नाव, सानिका, वय तीन वर्षं. मी उघडला. आणि निळ्या शाईत माझं सुबक अक्षर : मूल हसते आहे. तीन घड्या सोडून पुन्हा : मूल हसते आहे. शेवटाकडे तिसऱ्यांदा : मूल हसते आहे, खूप.

पंचवीस मिनिटांचा कागद. तीन वेळा.

मी खाटेवर बसले. आणि मग हळूहळू आठवलं. सगळं नाही, पण आठवलं. दोन शेंड्या घातलेली गुटगुटीत पोर. एकदा खेळता खेळता डोळे स्थिर केले होते म्हणून उरणच्या डॉक्टरांनी पाठवलेली. बाहेर रडक्या पोरांची रांग, आणि ही वायरी लावल्यावर खिदळायला लागली. मला इतकी गोड वाटली! मी तिच्याबरोबर हसले. तिच्या तोंडासमोर टिचक्या वाजवल्या. तिची आई, तेव्हा जेमतेम बावीस-तेवीसची, खाटेच्या कडेला उभी. ती म्हणाली होती, "ताई, ही अशीच हसते. झोपेतनं उठून पन हसते. कुनी काय बोललं नाय तरी हसते."

सांगितलं होतं तिने. मला सांगितलं होतं, स्पष्ट शब्दांत. आणि मी काय म्हणाले? "अगं, हसरं मूल मिळायला नशीब लागतं. बाहेरची रडकी बघ जरा!"

मग आमच्या जुन्या डॉक्टरांनी गठ्ठ्यातले वीस-पंचवीस कागद एका बैठकीत वाचले असतील. 'मूल हसते आहे' दिसलं की तो तुकडा सोडून पुढे. ताईंचा शेरा म्हणजे छापील! खाली लिहिलं : नॉर्मल. पोर घरी गेली. धक्क्यावर टाळ्या वाजल्या. मिरच्यांची धुरी मिळाली. पट्टी मिळाली. आणि पाच वर्षांनी मी त्याच खोलीत उभी राहून तिच्या बापाला विचारलं, एकाही माणसाला तिच्या डोळ्यांकडे बघावंसं वाटलं नाही का म्हणून.

खोटं कशाला बोलू, तो कागद फाडून टाकावा असं माझ्या मनात आलं. फाइलीत असला-नसला तरी ऑपरेशनला काही फरक पडणार नव्हता. खाटेखाली कचऱ्याची बादली होती. मी बादलीकडे बघितलंसुद्धा. मग उठले आणि गठ्ठा मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्यांनी शांतपणे सगळा कागद उलगडून बघितला. "ताई, ह्या गाठीच्या फिट वरून बऱ्याचदा दिसतच नाहीत. इतक्या खोल असतात. कागद नॉर्मल आला ह्यात तुमचा दोष नाही."

मी हुश्श करणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "फक्त, तिला हसवलं कोणी, ते तुम्ही लिहिलं नाहीत. तीन वेळा हसली. कशाला हसली?"

शेऱ्यात आम्ही काय झालं ते लिहितो. का झालं ते आईला विचारायचं असतं. ती सांगत होती तेव्हा मी तिला नशिबाच्या गोष्टी ऐकवत होते.

ऑपरेशन झालं. चौकट बसवलेल्या जागी दोन बारीक जखमा, कपाळाच्या वर एक टाका, चार दिवसांत पोर घरी. पुढे आठ-पंधरा दिवस नुसती खा खा सुटली होती, तीही उतरली. त्या दिवसापासून ते हसणं आलं नाही. पडणंही जवळजवळ थांबलं. देवाची कृपा म्हणा, मी मॅडमची आणि मुंबईच्या सर्जनची म्हणते. पण फिटांच्या पायी पहिलीत शिकलेली अक्षरं विसरली होती, ती गेलीच. पाच वर्षं आधी कळलं असतं तर ती राहिली असती का? मॅडमना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कोण सांगणार? आणि तेव्हा इतक्या लहान पोरीचं कोणी केलंही असतं की नाही." हे त्या माझ्यासाठी बोलल्या हे मला कळतं.

तीन महिन्यांनी तपासणीचा ईईजी होता. चंद्रकला एकटीच आली सानिकाला घेऊन. पोरीचे केस आखूड कापलेले, धुतलेले, तेलाचा थेंब नाही. मी तीन महिने मनात जुळवलेलं बोलायचं होतं. टेप हातात धरून मी सुरुवात केली.

"चंद्रकला," मी म्हटलं, "सानिका तीन वर्षांची असताना तू माझ्याकडेच आली होतीस. तो कागद मीच काढला होता. तू मला सांगितलं होतंस की ही अशीच हसते. मी ऐकलं नाही."

ती पोरीचे पाय खाटेवर सरळ करत होती. वर न बघता म्हणाली, "मना ठावं हाय."

"ठाऊक आहे?"

"पयल्या दिशी वलखलं तुमाला. इसरीन कशी? तुमी बोल्लात, हसरं मूल नशिबानं मिलतं. मी घरी जाऊन सासूला तेच सांगतलं. पनवेलच्या ताई बोलल्या म्हनून. मना लई दिस संशय व्हता ताई, आयला कलतं ना. पन तुमी येवढ्या शिकलेल्या. त्याच्यानंतर मी कुनाला इचारलंच नाय."

मी टेप उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

"त्या दिशी माज्या नवऱ्याला किती बोल्लात तुमी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "माज्या सासूला रडवलं. शालेच्या बाईला बोल्लात. मी तितं उभी व्हते. वाट बगत व्हते, सोताला कवा बोलतील."

मला तिने माफ केलं नाही. करावं असं मी म्हटलंही नाही. "आता कामाला लागा," ती म्हणाली. "आमची एसटी हाय."

मी डोकं मोजलं. खुणा केल्या. पेस्ट लावायला लागले. पेस्ट गार होती. कानामागे बोट टेकलं तशी सानिकाने खांदा वर उचलला. दुसरीकडे टेकलं, दुसरा खांदा. मग तिने पटकन दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि आईकडे बघितलं. तिचे खांदे हलत होते.

चंद्रकला पुढे झाली आणि तिने पोरीचे हात तोंडावरून खाली घेतले. हळूच, पण घट्ट धरून.

स्क्रीनवर रेघा उड्या मारत होत्या. शेरा टाइप करायचा होता. माझी बोटं कीबोर्डवर होती. पण मी लिहिलं नाही. मी वळले आणि विचारलं, "ही हसतेय का?" इतक्या वर्षांत मी कोणत्याही आईला हे विचारलेलं नव्हतं.

चंद्रकलाने लेकीच्या डोळ्यांत बघितलं. घाई केली नाही. चांगलं बघून घेतलं.

"हां," ती म्हणाली. "पेस्ट गार लागतंय म्हनून हसतंय. आता लिवा."